पेन्सिल आणि शाई एकाच कागदावर नांदवायची कशी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाच बघता येईल. तुम्ही वर्षभर पेन्सिलने झाडंपानं काढताय, हात बऱ्यापैकी बसलाय, आता शाईही वापरून बघू म्हणून घरामागच्या उंबराचं खोड आणि त्याला लगडलेली उंबरं ६बी पेन्सिलने पूर्ण शेड केलीत आणि मग वरून काळ्या पेनने आउटलाइन मारलीत. तर पेन मध्येच चालेना, जिथे चाललं तिथे रेष तारेसारखी वर उठून आली आणि सगळं कार्टून दिसायला लागलं, आणि वैतागून खोडरबर फिरवलं तर शाईच राखाडी पडली. आता विचारताय की पेन बदलू का कागद, पावसात बाहेर बसून काढायचं तर काय घेऊन जाऊ, आणि हे चित्र वाचेल का.

पेन बदलू नका. दुखणी तीन दिसतात पण मूळ एकच आहे, तुम्ही पेन्सिलला आणि शाईला तेच काम दिलंत. दोन भावांना शेत वाटून न देता दोघांनी मिळून तेच नांगरा म्हटलं की बांधावरून डोकी फुटणारच. कुणी आधी उतरायचं आणि कुणी काय काढायचं हे ठरलं की निम्मी भांडणं मिटतात. मी बावीस वर्षं वनस्पतींची चित्रं काढतेय, त्यातली बरीचशी अभ्यासकांसाठी हर्बेरियम शीटवरून (वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांवरून) काढलेली, म्हणजे निव्वळ शाई, आणि स्वतःच्या वह्यांमध्ये मात्र दोन्ही एकत्र. त्यामुळे खाली जे सांगतेय ते माझ्या हाताला पटलेलं आहे, तुमचा हात जड असेल किंवा कागद वेगळा असेल तर थोडं इकडेतिकडे होईल.

आधी पेन का अडलं ते बघू. पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून केलेली कांडी, ही युक्ती काँते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ साली पेटंट केली आणि आपण अजून तीच वापरतोय. माती जास्त तर एच, ग्राफाइट जास्त तर बी. म्हणजे ६बीमध्ये ग्राफाइट भरपूर, आणि ग्राफाइट म्हणजे एकावर एक घसरणाऱ्या पातळ पापुद्र्यांचा ढीग. हे पापुद्रे कागदाच्या खरखरीत बसतात आणि तुम्ही घासत राहिलात की खरखर बुजून वर गुळगुळीत थर चढतो. त्या थरावर पाण्यातली शाई टेकत नाही, तव्यावर पाण्याचा थेंब फिरतो तशी घसरते, आणि लायनरचं, म्हणजे बारीक टोकाच्या ड्रॉइंगच्या पेनाचं, टोक ग्राफाइटची पूड उचलून चोंदतं. मी असे किती लायनर मारलेत ते सांगत नाही, एकेक शंभराच्या आसपास जातो.

दुसरं, तो थर चमकतो. ६बी, ८बी कितीही दाबा, खिडकीकडे तोंड करून बघितलं की तो काळा नाही, स्टीलच्या भांड्यासारखा करडा आहे. नुसतं पेन्सिलचं चित्र असतं तेव्हा डोळा त्यालाच काळा समजतो आणि सगळं छान चालतं. पण शेजारी शाईची एक रेष आली की खरा काळा कसा असतो ते डोळ्याला कळतं आणि तुमची तीन तासांची शेडिंग एकदम धुतल्यासारखी फिकी वाटायला लागते. तुमचं चित्र कार्टून झालं त्याचं अर्धं कारण हे आहे.

उरलेलं अर्धं कारण म्हणजे आपली शाळा. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या निसर्गचित्राच्या पेपरला जास्वंदीची फांदी काढली की बाई म्हणायच्या, आउटलाइन डार्क कर. ती सवय हाडात मुरलीय सगळ्यांच्या. उंबराभोवती सगळीकडून एकाच जाडीची बंद रेष फिरवली की ते फळ न राहता कापून चिकटवलेली टिकली होते. प्रकाश डावीकडून वरून येतोय असं धरा (वैज्ञानिक चित्रांमध्ये तसाच धरायची पद्धत आहे), मग फळाच्या उजवीकडे खाली रेष जाड, वर जाताना बारीक होत जाणारी, आणि जिथे उजेड थेट पडतो तिथे रेषच नाही, सोडून द्यायची. डोळा ती जागा आपोआप भरतो. हे एकदा करून बघा, मला वाटतं निम्मा प्रश्न इथेच सुटेल.

आता क्रम. माझा असा आहे की आधी एचबीने अगदी हलक्या हाताने मांडणी, मग शाई, मग वाळू देणं, मग खोडणं, आणि सगळ्यात शेवटी ग्राफाइटचा टोन, म्हणजे छटा. म्हणजे तुमच्या बरोब्बर उलटा. कारण साधं आहे, शाई मागे घेता येत नाही आणि ग्राफाइट घेता येतं, म्हणून जिचा शब्द फिरत नाही तिला आधी बोलू द्यायचं. शिवाय शाईला कोरा कागद लागतो, ग्राफाइटचं शाईवाचून अडत नाही. मांडणीला २एच घेतात काहीजण रेष फिकी येते म्हणून, मी घेत नाही, कारण ती कागदात खोबण पाडते आणि नंतर वरून ग्राफाइट फिरवलं की ती खोबण पांढरी उमटते, पानावर भलतीच शीर असल्यासारखी.

वाळण्याचं हवेवर आहे. लायनरला मे महिन्यात पुण्यात दहा मिनिटं पुरतात. टाकाने काढलेली, दाट शाईची रेष असेल तर तास-दोन तास, आणि जुलैमध्ये कोकणात असाल तर रात्रभर ठेवा आणि सकाळीही बोटाच्या मागच्या बाजूने चाचपून बघा. खोडताना प्लॅस्टिकचं खोडरबर करकरा घासू नका, कणकेसारखं मळायचं खोडरबर मिळतं त्याने टिपून घ्या. घासलं की कागदावर बसलेल्या शाईचे वरचे कण निघतात आणि काळं राखाडी होतं, तुमचं तेच झालंय. आणि मांडणीच इतकी हलकी असेल की खोडायला फारसं काही उरतच नाही, तर प्रश्नच मिटला.

शेवटी ग्राफाइट लावताना एकच पथ्य, काळ्या भरीव शाईवरून पेन्सिल फिरवू नका. ग्राफाइटची पूड काळ्यावर बसली की काळा चंदेरी होतो आणि मग काही केल्या परत येत नाही. शाईच्या कडेपर्यंत या आणि थांबा.

कधीकधी उलटंही करावं लागतं, म्हणजे ग्राफाइट आधी आणि शाई शेवटी, धुक्यातलं काही असेल तर मी करते. पण तेव्हा शाई कुठे पडणार ते आधी ठरवून त्या जागा कोऱ्या राखते, रांगोळीत ठिपके राखतात तशा, आणि शेडिंग २बीच्या पुढे नेत नाही.

मग कुणाला काय द्यायचं? इथे ठाम नियम नाही, झाडावर आणि तुम्हाला त्यात काय दिसलं त्यावर आहे. ऐनाचं खोड घ्या, मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेले असतात, त्यातल्या भेगा ही शाईचीच जागा, आणि चौकोनांचा फुगीरपणा ग्राफाइटने. काटेसावरीचे काटे शाईने, त्यांच्यामधली गुळगुळीत करडी साल पेन्सिलने. तुमच्या उंबरात मी फळांना शाई जवळजवळ लावणारच नाही. फळ मऊ आहे, गोल आहे, त्याला ग्राफाइट शोभतं. शाई फक्त देठ जिथे खोडात शिरतो तिथे, फळाच्या तोंडावर ते बारीक भोक असतं ना तिथे, आणि घोसाच्या खाली दोन फळं एकमेकांना चिकटून जो अंधार होतो त्यात. बस. एवढ्याने घोस खोडापासून पुढे येतो.

लांबचं-जवळचं दाखवायलाही हीच वाटणी चालते. सह्याद्रीत कुठल्याही घाटमाथ्यावर उभे राहा, मागच्या रांगा एकामागे एक फिक्या होत जातात, त्या सगळ्या एचबीने, हात उचलून. मधली रांग २बी, कातळाचे आडवे थर जरा स्पष्ट. आणि पायाशी असलेली कारवी आणि दगड शाईने. कोकणकड्यासारख्या ठिकाणी तर ही युक्ती न चुकता चालते. मी पहिली काही वर्षं सगळं शाईने काढायचे आणि मग मागचा डोंगर पुढच्या झुडपाच्या डोक्यावर बसल्यासारखा दिसायचा.

इथपर्यंतचं थोडक्यात म्हणजे शाई आधी, ग्राफाइट नंतर, आउटलाइन तुटक आणि एकाच बाजूला जाड, आणि मऊ-गोल-लांबचं पेन्सिलला, कडक-बारीक-अंधाराचं शाईला. आता सामान.

शाई कुठली हे मात्र बघून घ्या. लिहायच्या फाऊंटन पेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, ती उन्हात उडते आणि पाणी लागलं की पळते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई, जिला इंडिया इंक म्हणतात, ती म्हणजे काजळी आणि बहुतेकवेळा लाख, वाळली की हलत नाही. ती फक्त टाकाने किंवा ब्रशने वापरायची. मी कॉलेजात असताना शहाणपणा करून ती बाबांच्या जुन्या पेनात भरली, लाख आत वाळून बसली, गरम पाणी, स्पिरिट, सगळं झालं, पेन गेलं ते गेलंच. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. सोय हवी असेल तर पिगमेंट लायनर बरे, मायक्रॉन नावाचे घेतलात तर ०१ म्हणजे ०.२५ मिमी आणि ०५ म्हणजे ०.४५ मिमी, हे दोन पुरतात. सहाचा सेट घेऊ नका, ००५ चं टोक सुरुवातीला सगळेच दाबून मोडतात.

पळणारी शाई टाकून द्यायची असंही नाही बरं का. काळ्या फाऊंटन पेनने काढून वरून ओला ब्रश फिरवला तर त्यातून कधी निळसर, कधी जांभळट सावली सुटते, सगळ्या कंपन्यांची वेगळी, आणि ढोकरी किंवा पाणकावळ्याच्या पाठीवर ती काय सुंदर दिसते. टिकत नाही, उन्हात लावू नका, वहीत राहू द्या.

कागदाचं पटकन सांगते. झेरॉक्सचा कागद नको. साधारण १५० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) पुढचा गुळगुळीत कार्ट्रिज कागद नुसत्या रेषेला आणि पेन्सिलला पुरतो, पाण्याचा वॉश, म्हणजे ओल्या ब्रशचा हात, देणार असाल तर २५० ते ३००. फार गुळगुळीत घेतलात तर शाई मजेत जाते पण ग्राफाइटला धरायला काही उरत नाही, आणि हातकागदावर ग्राफाइट सुरेख बसतं पण टाकाच्या निबमध्ये तंतू अडकून शिंतोडे उडतात. म्हणजे मधला शोधायचा. शाई फुटेल का हे बघायची जुनी युक्ती अशी की कागदाचा कोपरा जिभेला लावा, चिकटला तर सायझिंग (कागदाने शाई शोषू नये म्हणून दिलेली खळ) कमी, शाई फुटणार. दुकानदाराच्या समोर करू नका.

पण यातलं काहीही माझ्यावर विश्वास ठेवून विकत घेऊ नका, आधी एक चाचणीचं पान करा. तुमच्याकडे आहेत तेवढ्या पेन्सिलींचे पट्टे उभे ओढा, एकदा हलके एकदा दाबून, आणि त्यावरून तुमच्याकडे आहेत तेवढ्या शायांच्या रेषा आडव्या. शेजारी तेच उलट क्रमाने, म्हणजे शाई आधी. मग अर्ध्या भागावर खोडरबर, एका कडेला ओला ब्रश. तासाभराचं काम आहे आणि तुमच्या कागदावर, तुमच्या हाताने काय चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. मी कागद बदलला की अजून हे पान करते आणि मागे तारीख टाकते.

प्रयोगच करायचे म्हणता तर मला आवडणारे तीन सांगते. एक, संपलेली रिफिल घ्या, तिने कागदावर पिंपळाच्या पानाच्या शिरा दाबून ओढा, काहीच दिसणार नाही, मग वरून ४बी आडवी धरून फिरवा. शिरा पांढऱ्या राहतात. वर मी २एचची जी तक्रार केली तीच इथे कामाला येते. मग नुसत्या पानाच्या कडेला आणि त्या लांब शेपटीला शाई. दोन, पातळ कागद खऱ्या सालीवर धरून ६बीने घासून ठसा घ्या, ऐनाचा किंवा आंब्याचा, आणि घरी येऊन त्यातल्या चारपाचच भेगा शाईने खोल करा. सगळ्या करायचा मोह होतो, तिथेच बिघडतं.

तिसरा जरा खटपटीचा आहे पण माझा सगळ्यात लाडका, हिरड्याची शाई. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि त्याला लोह भेटलं की काळं होतं, जुन्या शाया अशाच व्हायच्या. जुन्नर-आंबेगावकडे आदिवासी घरं हिरडा गोळा करून विकतात, नाहीतर कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. मूठभर हिरडा जाडसर कुटून रात्रभर पाण्यात भिजवायचा, उकळून निम्मं करायचं, दोनदा फडक्यातून गाळायचं, त्यात चिमूटभर हिराकस (लोह यातूनच मिळतं) आणि थोडा बाभळीचा डिंक, बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा. हिराकस हाताळल्यावर हात धुवा आणि भांडं स्वयंपाकाचं नको. काढताना रेष फिकी, चहाच्या डागासारखी दिसते आणि डोळ्यादेखत काळवंडत जाते, दुसऱ्या दिवशी पक्की काळी. गंमत अशी की काजळीची शाई कागदावर बसते आणि ही कागदात शिरते, त्यामुळे खोडरबरला जुमानत नाही, म्हणून पेन्सिलबरोबर हिचं छान जमतं. पण हिराकस जास्त पडलं तर काही वर्षांनी कागद तपकिरी होऊन रेषेवरून तुटतो, माझी एक वही अशी गेलीय. आणि हिला बोरू किंवा टाकच, निब लगेच धुवायचं, नाहीतर गंजतं.

पावसाचा प्रश्न राहिला. खरं सांगायचं तर पावसात बाहेर बसून शाई-पेन्सिल दोन्ही पूर्ण करायच्या नादी मी लागत नाही. दमट कागद फुगतो, मऊ पडतो, पेन्सिल धरत नाही, उलट खरवडतो, आणि पिगमेंट लायनरसुद्धा फुटतो. एकदा भीमाशंकरला जुलैमध्ये वॉटरप्रूफ लिहिलेल्या एका लायनरने दोन तास बसून काढलेलं आमरीचं (ऑर्किडचं) चित्र वहीतून घरी येईपर्यंत जांभळं डबकं झालं होतं, तेव्हापासून कुठलंही नवीन पेन आधी घरी नळाखाली धरते. आता बाहेर २बी आणि एक साधं बॉलपेन नेते. हसू नका, बॉलपेनची शाई तेलातली असते, किंचित ओलसर कागदावरही ती फुटत नाही. वही झिपच्या पिशवीत, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. जागेवर फक्त आकार, मापं, पान समोरासमोर आहे का एकाआड एक, आणि बाजूला शब्दात नोंदी. कासला सप्टेंबरात सीतेची आसवं काढायची तर फूल एवढंसं असतं की दहा पट मोठं दाखवणारं भिंग लागतं, आणि पायवाट सोडायची नाही, म्हणजे वेळ मिळतो पंधरा मिनिटं. बाकी घरी, पंख्याखाली.

नोंदीत तारीख, जागा आणि स्वतःचं नाव घाला. १८४७ ते १८५० च्या सुमारास पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत एका चित्रकाराने वनस्पतींची दीडशेच्या वर सुरेख जलरंग चित्रं काढली, ती आज एडिंबरोच्या बोटॅनिक गार्डनमध्ये जपून ठेवलीत, काढून घेणाऱ्या गिब्सनसाहेबाचं नाव सगळीकडे आहे आणि काढणाऱ्याचं कुणालाच माहीत नाही. मला ते दरवेळी टोचतं.

आता तुमचं उंबर. वाचेल, बहुतेक. मळायचं खोडरबर घ्या आणि फळांवर उजेडाच्या बाजूला ग्राफाइट टिपून टिपून उचला, घासायचं नाही, कागदाची खरखर परत दिसायला लागेपर्यंत. आउटलाइन राखाडी पडलीय ना, ते तुमच्या फायद्याचंच आहे, उजेडाच्या बाजूला तशीच राखाडी राहू द्या. मग घोसाखालच्या अंधारात, तीनचार ठिकाणीच, ग्राफाइट जमेल तितकं उचलून तिथे ब्रशने इंडिया इंक लावा, लायनर नको, तो परत चोंदेल. ब्रशची शाई थोड्या ग्राफाइटवरही धकून जाते, एका हातात नाही बसली तर वाळल्यावर दुसरा द्या. खोडावरच्या तारेसारख्या रेषांना बाजूने आडव्या बारीक रेषा जोडून त्यांची भेग करून टाका, म्हणजे त्या आउटलाइन राहणार नाहीत. आणि हे सगळं करण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, बिघडलं तर निदान कुठे बिघडलं ते बघता येईल.